फुली

पेठ उघडायच्या दिवशी मी साडेसहालाच पोचलो.
दोरी काढायला नगरपरिषदेनं मलाच सांगितलं होतं.
बांधलीही मीच होती, सोळा महिन्यांपूर्वी,
मारुतीच्या पारापासून जेटीच्या उतारापर्यंत,
निळी, नायलॉनची.
खाऱ्या वाऱ्यानं आता पांढुरकी पडलेली.
गाठ सुटेना. शेवटी कोयतीनं कापली.

भूकंप सदतीस सेकंदांचा.
नंतरचे अकरा दिवस माझे:
हातात लाल रंगाचा डबा, ब्रश,
पुढे इंजिनिअर शेंबेकर.
ते चिऱ्यावर बोटांनी टकटक करायचे,
कान लावायचे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे,
आणि म्हणायचे, हं.
एक हं म्हणजे गोल, राहू द्या.
दोन हं म्हणजे फुली.

एकशे बारा फुल्या मारल्या मी.
मला बघून लोक दार लावून घेत.
दार लावून भिंत वाचत नाही,
पण त्यांच्या जागी मी असतो
तर मीही लावलंच असतं.

मासळीवाल्या तेवढ्या तिसऱ्याच दिवशी
उतारावर पाट्या मांडून बसल्या.
त्यांना भिंतच नव्हती, फुली कशावर मारू?
रखमाय पालशेतकरीण म्हणाली,
"या सुरमईवर मार. कालची हाय."

आज रस्ता नऊ मीटर रुंद.
खातूंचं दुकान चार हात मागे सरकलंय
आणि वासंतीबाई जुन्याच जागी थांबून
हवेत कुलूप चाचपतात.
नव्या खांबांत लोखंड किती, ते आधी सांगतात,
मग तांदळाचा भाव.
टोपरे कासारांनी हिरव्या बांगड्यांचा एक सर
छताच्या हुकाला टांगलाय.
विकायचा नाही.
वाजला की पळायचं.

पागोळीखालून अजून कुणी चालत नाही.
सगळे रस्त्याच्या मधोमध, माना वर,
एकमेकांवर आदळत,
आदळल्यावर ओळख पटत,
अरे तू, कधी आलास, आई कुठेय आता?
पत्ते मात्र जुनेच सांगतात:
पडलेल्या चक्कीच्या समोर,
नसलेल्या जिन्याच्या डावीकडे.

मला बघून कोणीतरी हाळी देतं,
"काय वो, परत फुली माराया आलाव काय?"
हसतात. मीही हसतो.
दोरीचं वेटोळं खांद्यावर जड होत जातं.

कोपऱ्यावर परकारांची बेकरी.

तिथं त्या दिवशी शेंबेकर एकदा हं म्हणाले,
आणि मग जे म्हणाले
ते दुसरं हं होतं की खोकला,
धूळ फार होती,
मला कळलं नाही.
मी विचारलं नाही.
फुली मारली.
जेसीबी आला, दोन दिवस धडका देत राहिला,
भिंत पडायला तयार नव्हती.
लोक म्हणाले, जुनं काम ते जुनं काम.
शेंबेकरांची बदली सांगलीला झाली.
उरलो मी, आणि तो खोकला.

शकूरभाईंनी कागदात चार बटर बांधले.
पैसे पूर्ण घेतले,
दोन रुपये परत दिले मोजून.
म्हणाले, "आधीची भिंत लई चिवट होती,"
तराजूकडे बघत,
तराजूत काहीच नव्हतं.

बाहेर पडताना माझा हात
आपोआप नव्या भिंतीवर गेला.
गिलावा गार, जरा ओलसर.
दोन बोटं, टकटक.
ते बघत होते.
"काय म्हणते?"

हं, मी म्हणालो.
एकदाच.
घशात धूळ आली होती,
ती गिळली.